'खीखीखी' : ला प्लाताचे रेदोन्दोस आणि एका गाण्याचं घडणं

पिंपळपार

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. एक गाणं आहे, नाव 'खीखीखी'. स्पॅनिशमधे त्या अक्षराचा उच्चार ख आणि ह च्या मधे कुठेतरी होतो, म्हणजे कुणी तोंड दाबून हसत असेल तर आपण मराठीत जसं लिहू तेच हे नाव, भाषांतर करायची गरजच नाही. अर्जेंटिनात हे गाणं सुरू झालं की मैदानातली झाडून सगळी माणसं एकदम उड्या मारायला लागतात, तिकडे त्याला पोगो म्हणतात, आणि या गाण्याच्या पोगोला 'जगातला सगळ्यात मोठा पोगो' असं नावच पडलंय. २०१६ मधे तांदिल या गावी या गाण्याच्या गायकाने केलेल्या कार्यक्रमाला दीड लाखाच्या आसपास लोक होते, त्याचे व्हिडिओ बघा एकदा, जमीन हलताना दिसते.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. गाणं अजिबात आनंदाचं नाहीये. ज्याला पाठीमागे कुणीतरी आहे असं सारखं वाटतंय अशा माणसाचं गाणं आहे ते. आणि बँड असा की कुठल्याही मोठ्या परदेशी कंपनीशी करार केला नाही, टीव्हीच्या वाटेला जवळपास गेलाच नाही, मुलाखती अगदी मोजक्या. मग हे गाणं एवढ्या लोकांचं झालं कसं? गेले सहा महिने मी याच्याच मागे आहे, जे हाती लागलं ते लिहितो, तुम्ही भर घाला.

बँडचं पूर्ण नाव पात्रिसियो रेय इ सुस रेदोन्दितोस दे रिकोता, लोक नुसतं लोस रेदोन्दोस म्हणतात. साधारण १९७६ च्या सुमारास ला प्लाता या गावात सुरवात झाली. पात्रिसियो रेय नावाचा कुणी माणूसच नाही, ते कल्पनेतलं पात्र आहे. सुरवातीच्या कार्यक्रमांत गाणी, नाच, एकपात्री, वेडेवाकडे वेष असं सगळं एकाच रंगमंचावर चालायचं आणि प्रेक्षकांना रिकोताचे गोळे वाटले जायचे, रिकोता म्हणजे आपल्या छेन्यासारखं मऊ चीज, त्यावरून नाव पडलं. आता वर्ष बघा. २४ मार्च १९७६ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली. ला प्लाता हे विद्यापीठाचं गाव, तिथून विद्यार्थी, शिक्षक, कामगार उचलून नेले ते परत आलेच नाहीत, आणि त्याच गावात त्याच दिवसांत ही मंडळी लोकांना एकत्र जमवून गोळे वाटत होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

निर्णय घेणारी माणसं तीन. गाणारा आणि शब्द लिहिणारा कार्लोस 'इंदियो' सोलारी, गिटारवर एदुआर्दो 'स्काय' बेइलिन्सोन, आणि कार्मेन कास्त्रो, जिला सगळे ला नेग्रा पोली म्हणतात, स्कायची जोडीदार. हॉल ठरवणं, पैसे, तिकिटं, कुणाला नाही म्हणायचं ते सगळं पोलीकडे. पहिली रेकॉर्ड 'गुल्प' आली थेट १९८५ मधे, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं नुसते कार्यक्रम करून. दुसरी 'ओक्तुब्रे', १९८६, आणि 'खीखीखी' तिच्यातच दुसऱ्या बाजूला आहे.

अनुस्वार

पिंपळपार, मस्त धागा! मी पुण्यात स्पॅनिश शिकले तेव्हा आमच्या सरांनी आधी टँगो ऐकवले आणि मग एक दिवस ही रेकॉर्ड, त्यामुळे शब्दांबद्दल मी थोडं बोलू शकते. ओळी इथे टाकत नाही, फक्त काय चाललंय ते सांगते.

सुरवातच सिनेमाच्या भाषेत होते. जुन्या कॅमेऱ्यात रोलला उजेड लागला की सगळे फोटो पांढरे पडायचे, आठवतंय ना? तो शब्द पहिल्याच ओळीत आहे. एक खराब झालेली फिल्म, पांढरी रात्र, आणि त्यात कुणी शत्रूचा चिवट पोरगा, कुणी नीट कपडे करून जेवायला बसलेला जल्लाद. पुढे एका ठिकाणी काचेची रात्र फुटून चुरा होते, तिथे १९३८ मधे जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली ती रात्र आठवल्याशिवाय रहात नाही. शेवटाकडे तर चक्क फिल्मच्या एडिटिंगबद्दल बोलणं येतं. आणि मधे मधे तो माणूस ओरडून सांगतो की हे मला स्वप्नात दिसलेलं नाही, खरंच घडलं.

सिनेमाच का, याचं मला वाटतं कारण आहे. सोलारी बँडच्या आधी स्कायच्या भावाबरोबर, गियेर्मो बेइलिन्सोनबरोबर, हौशी फिल्म बनवत होता, बँडची अगदी सुरवातीची गाणीही त्या दोघांनी मिळून केलीत. म्हणजे हा माणूस गाणं लिहितानासुद्धा शॉट लावतो, कापतो, जोडतो. एका ओळीचा दुसरीशी संबंध काय म्हणून वैतागणारे खूप भेटतात, पण ते तुकडे जोडायचं काम त्याने ऐकणाऱ्यावर सोडलंय.

आणखी एक. गाण्यात ओल्गा नावाच्या बाईचा उल्लेख येतो, चेर्नोबिलची व्होडका, आणि ती गेली बिचारी. तिथे 'मेली' असा सरळ शब्द नाहीये, लुनफार्दो म्हणजे बुएनोस आयरेसच्या गल्लीतल्या बोलीतला शब्द आहे, इटालियन लोकांबरोबर आलेला, मराठीत मी 'खपली' असं करेन. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा, रेकॉर्ड त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची. पेपरमधली बातमी शिळी व्हायच्या आधी गाण्यात आली होती!

सहावी_तार

मी गिटारकडून बोलतो. अनुस्वार ताईंनी शब्दांचं जे सांगितलं ना, कापाकापी, तेच्या बरोबर उलटं गिटार करतंय. स्कायचा तो सुरवातीचा तुकडा एकदा सुरू झाला की गोल गोल फिरतच रहातो, मायनर सुरांकडे झुकलेला, थोडा उदास, पण खाली ड्रम्स पळतायत. उदास सूर आणि पळता ठेका, यामुळेच पाय थांबत नाहीत असं माझं मत. नुसता पळता ठेका असता तर चार महिन्यात लोक विसरले असते.

मी हा तुकडा बसवायला दोन आठवडे घालवले. बोटांना फार अवघड नाहीये तो, अवघड आहे ते एकसारखा दाब ठेवणं, जरा जोर केला की हेवी मेटल वाटायला लागतं आणि जरा सैल सोडलं की मुळमुळीत होतं. आणि मधला सोलो... त्याच्यात एकही सूर वेग दाखवायला टाकलेला नाहीये. तो सोलो गाता येतो तोंडाने, ही फार मोठी गोष्ट आहे, किती गिटारवाल्यांचे सोलो तुम्ही आंघोळ करताना गाऊ शकता?

रेकॉर्डिंग बुएनोस आयरेसच्या पांडा स्टुडिओत झालं. बेसवर सेमिया बुच्चारेल्ली, ड्रम्सवर पियोखो आबालोस, दुसरं गिटार तितो फार्गो, रेकॉर्डवर सॅक्सोफोन विली क्रूकचा, आणि काही कीबोर्डसाठी पाहुणा म्हणून दानिएल मेलेरो. मेलेरो म्हणजे सिंथेसायझरवाला माणूस, पूर्ण वेगळ्या गोटातला. रेकॉर्डचा जो थंड, थोडा धातूसारखा आवाज आहे ना, हिवाळ्यातल्या कारखान्यासारखा, तो १९८६ चाच आवाज आहे पण यांच्या हातात तो सजावट म्हणून येत नाही.

पिंपळपार

सहावी_तार, क्या बात! आणि यातलं सगळ्यात विलक्षण काय माहितीये, रेकॉर्ड आल्यानंतर थोड्याच काळात फार्गो, क्रूक आणि आबालोस तिघेही बँडमधून गेले. मग ड्रम्सवर वॉल्टर सिदोती आणि सॅक्सोफोनवर सेर्खिओ दावी आले आणि हेच पुढे शेवटपर्यंत राहिले. म्हणजे स्टुडिओत ज्यांनी हे गाणं केलं आणि ज्यांनी पुढे पंधरा वर्षं ते मैदानांमधून वाजवलं, त्यातली निम्मी माणसं वेगळी आहेत. मला म्हणायचंय ते हेच. गाणं १९८६ ला पूर्ण झालंच नव्हतं. रेकॉर्डवर ते नऊ गाण्यांतलं एक होतं. ते घडत गेलं नंतर, वाजवता वाजवता.

साधासोपा

लेख चांगला आहे पण एक शंका विचारतो, राग मानू नका. लाख लाख लोक जमवणाऱ्याला स्वतंत्र बँड कसं काय म्हणायचं? स्वतंत्र म्हणजे मला छोट्या हॉलमधे शंभर लोकांपुढे वाजवणारे वाटतात. मोठं झाल्यावर सगळे सारखेच.

पिंपळपार

शंका रास्त आहे साधासोपा, आणि हाच वाद तिथेही झाला. १९८९ च्या शेवटी ते ओब्रास या मोठ्या इनडोअर स्टेडियममधे वाजवायला गेले तेव्हा जुन्या लोकांपैकी काहींना तो विश्वासघात वाटला होता. त्यांना ते तळघरातल्या हॉलचे बँड म्हणून हवे होते.

पण स्वतंत्र याचा अर्थ मी गर्दीवरून लावत नाही. टेप कुणाच्या मालकीची, रेकॉर्ड कधी काढायची ते कोण ठरवतं, कव्हरवर काय छापायचं ते कोण ठरवतं, कुठे वाजवायचं, तिकीट किती. या सगळ्याचं उत्तर शेवटपर्यंत ते स्वतः असंच होतं. संदर्भ पण बघा, १९८२ च्या माल्विनास, म्हणजे ब्रिटनशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात रेडिओवर इंग्रजी गाणी बंद झाली, एकदम स्पॅनिशमधलं रॉक हवं झालं, १९८३ ला लोकशाही आली आणि कंपन्या बँड शोधत फिरायला लागल्या. तेव्हा करार करणं सगळ्यात सोपं होतं. यांनी तेव्हाच केला नाही. पहिली रेकॉर्ड त्यांनी एमआयएच्या स्टुडिओत केली, ते लितो विताले आणि त्याच्या घरच्यांचं, स्वतंत्र वादकांनी मिळून चालवलेलं काम होतं. वितरण दुसऱ्यांकडे द्यावं लागलंच, दुकानात माल कुणीतरी पोचवायला हवाच ना, पण गाण्यावर कुणाचा हात नव्हता.

जाहिरात नाही म्हटल्यावर बातमी तोंडोतोंडी जायची. पुढचा कार्यक्रम कुठे आहे हे मित्राकडून कळायचं, मग वस्तीतली पोरं बस भाड्याने घेऊन, चादरीएवढे झेंडे रंगवून निघायची. हे लोक स्वतःला रिकोतेरो म्हणवतात आणि कार्यक्रमाला मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. आपल्याकडे दिंडी निघते तसं काहीसं, वाटेतलं जेवणखाण, वाटेतली गाणी हे सगळं कार्यक्रमाइतकंच महत्त्वाचं.

खडूशाई

चित्रकलेवाली आहे म्हणून कव्हरबद्दल लिहिल्याशिवाय रहावत नाही. यांची कव्हरं रोकाम्बोलेची, खरं नाव रिकार्दो कोएन, ला प्लाताच्या कला विभागात शिकवायचे, आणि साठच्या दशकाच्या शेवटी त्याच गावात एकत्र राहून कला करणाऱ्यांचा जो गट होता त्यातले. 'गुल्प' ची पहिली कव्हरं हाताने स्क्रीन प्रिंटिंग करून काढली. मी स्वतः कॉलेजात स्क्रीन प्रिंटिंग केलंय, एक रंग, वाळू द्या, दुसरा रंग, शंभर प्रती काढल्या की खांदे दुखतात, इथे तर एका रेकॉर्डच्या सगळ्या प्रती.

'ओक्तुब्रे' वर लाल, काळा आणि राखाडी एवढंच. समोर झेंडे घेतलेली गर्दी आणि साखळ्या, मागे ला प्लाताचं कॅथेड्रल पेटलेलं. स्पॅनिशमधे ऑक्टोबर लिहिताना सी येतो, यांनी मुद्दाम के घातला, १९१७ च्या रशियाकडे बोट. पण मला त्यातला रशिया कमी आणि गाव जास्त दिसतं. आपल्याच गावचं, रोज जाता येता दिसणारं चर्च आगीत काढायला वेगळं धाडस लागतं. लष्करी राजवट संपून तीनच वर्षं झाली होती तेव्हा. आणि त्या कव्हरवरची गर्दी बघा, १९८६ ला त्यांच्या कार्यक्रमाला एवढी माणसं यायची पण नाहीत! रोकाम्बोलेने गर्दी आधी काढली, ती आली नंतर. हे लिहिताना अंगावर काटा आलाय.

दर्या_पल्याड

मी नोकरीसाठी दोन वर्षं बुएनोस आयरेसला होतो, धागा बघून लॉगिन केलं. मी रेदोन्दोसना बघायचा प्रश्नच नव्हता, त्यांचा शेवटचा कार्यक्रम ४ ऑगस्ट २००१ ला कोर्दोबात झाला, नंतर फुटले. पण स्काय स्वतःचा बँड घेऊन वाजवतो आणि शेवटी हे गाणं घेतो, ते मी बघितलंय.

ऑफिसमधला एक सहकारी घेऊन गेला, त्याने आधीच बजावलं होतं की बुटाच्या नाड्या दोनदा बांध आणि चष्मा खिशात नको, घरीच ठेव. गिटारचा पहिला तुकडा सुरू झाला आणि गर्दी एकदम मागे सरकली. मला वाटलं काही गडबड झाली. तर मधे गोल मोकळी जागा झाली, एक क्षण सगळे नुसते एकमेकांकडे बघत उभे, आणि मग सगळे आत. मी एकदा पडलो, खाली टेकायच्या आतच तीन जणांनी काखेत हात घालून उभा केला, कोण होते माहीत नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही, उचलला आणि परत उड्या. आणि सहावी_तार म्हणतात ते शंभर टक्के खरं, लोक शब्दांबरोबर गिटारचा सोलोसुद्धा तोंडाने गात होते, पूर्ण, एक सूर न चुकवता.

माझा सहकारी त्या देशातला पक्का शांत माणूस, ऑफिसात आवाज न करणारा. बाहेर पडल्यावर बघितलं तर रडत होता. विचारलं नाही. बसस्टॉपपर्यंत आम्ही न बोलता चालत गेलो.

साधासोपा

पिंपळपार, उत्तर पटलं, मालकीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. दर्या_पल्याड, सुंदर लिहिलंय. पण एवढ्या गर्दीत अपघात होत नाहीत का? ते पण यायला हवं धाग्यात.

पिंपळपार

यायलाच हवं, बरं झालं काढलंत.

१९ एप्रिल १९९१, ओब्रासचा कार्यक्रम. बाहेर पोलिसांनी पोरांची धरपकड केली, त्यात वॉल्टर बुलासियो नावाचा १७ वर्षांचा मुलगा होता, कोठडीत मारहाण झाली आणि २६ एप्रिलला तो गेला. कार्यक्रम ऐकायला आलेला मुलगा. घरच्यांनी केस सोडली नाही, शेवटी २००३ मधे मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी न्यायालयाने अर्जेंटिना सरकारला जबाबदार धरलं. त्या दिवसानंतर प्रत्येक कार्यक्रमात लोक त्याच्या नावाने घोषणा द्यायचे. आता अनुस्वारने सांगितलेले शब्द परत वाचा, जेवायला बसलेला जल्लाद, आणि हे मी स्वप्नात बघितलं नाही म्हणून ओरडणारा माणूस. गाणं १९८६ चं आहे, पण १९९१ नंतर ते म्हणणाऱ्या पोरांना त्यात काय ऐकू येत असेल?

१९९७ ला ओलावार्रिया गावी कार्यक्रम ठरला होता तर तिथल्या महापौरांनी हुकूम काढून बंदी घातली, तेव्हा एरवी कधी समोर न येणाऱ्या बँडने पत्रकार परिषद घेतली. वीस वर्षांनी, ११ मार्च २०१७ ला, सोलारी स्वतःचा बँड घेऊन त्याच ओलावार्रियात वाजवायला गेला आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक आले, त्या गर्दीत दोन माणसं गेली. मी याला सारवासारव करणार नाही. एवढी माणसं बोलावली तर त्यांची काळजी घेणं हे आयोजकाचं कामच आहे, तिथे 'आम्ही स्वतंत्र आहोत' हे उत्तर होत नाही.

दर्या_पल्याड

यात क्रोमान्योन पण आठवतं. ३० डिसेंबर २००४, बुएनोस आयरेसमधला क्लब, दुसऱ्याच एका बँडचा कार्यक्रम, आत पेटवलेल्या फ्लेअरने छताला आग लागली, १९४ जण गेले. फ्लेअर आणि झेंडे ही प्रथा मैदानातून हॉलमधे आली होती. तिथे आजही त्या जागेसमोर बूट ठेवलेले दिसतात. मला नेणाऱ्या सहकाऱ्याने आत गेल्या गेल्या आधी बाहेर पडायची दारं दाखवली होती, तेव्हा मला कळलं नव्हतं का ते.

अनुस्वार

(हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.)

एक विचारायचं होतं पिंपळपार, सोलारी आता गातो का हे? २०१६ ला तांदिलच्या त्या कार्यक्रमात त्याने स्वतःच पार्किन्सन झाल्याचं सांगितलं होतं ना.

पिंपळपार

हो अनुस्वार, त्यानेच सांगितलं, हजारो लोकांसमोर, स्टेजवरून. ओलावार्रियानंतर तो तसा मैदानात उभा राहून गायला नाही. त्याचा बँड कार्यक्रम करतो आणि तो पडद्यावर दिसतो. विली क्रूक २०२१ मधे गेला. सेमिया चित्रं काढतो. सोलारी एकीकडे, स्काय आणि पोली दुसरीकडे, जुन्या टेपांवरून त्यांच्यात बिनसलं ते बिनसलंच.

म्हणजे आता गाणं दोन अर्ध्यांत आहे. सोलारीच्या बँडमधे स्कायचा सोलो दुसरा कुणी वाजवतो, आणि स्काय वाजवतो तेव्हा सोलारीचा आवाज नसतो.

सहावी_तार

आणि दोन्हीकडे उरलेलं अर्धं लोक गातात. दर्या_पल्याड, तुम्ही होतात त्या रात्री सोलोच्या वेळी स्काय वाजवायचा थांबला होता का हो मधे? एका व्हिडिओत मला तसं वाटलं, हात तारांवरून काढून नुसता ऐकत उभा होता.

दर्या_पल्याड

मी खाली पडलेलो होतो तेव्हा दादा :) पण आवाज एक क्षणभर नुसता माणसांचाच होता हे नक्की आठवतंय.